पथ्यमोडीचा रविवार

एकोणीसशे शहाण्णव सालची गोष्ट. पुलाखालच्या टाकोच्या गाडीपाशी आक्का दुसऱ्यांदा रांगेत उभी राहिली, तेव्हा चिमणी सुईकडे न बघताच म्हणाली, "खाऊ दे की तिला."

"मी कुठे अडवलंय?" सुई म्हणाली.

तिघी एकाच हॉटेलात कामाला होत्या. आक्का आणि चिमणी बाहेरच्या काचा पुसायच्या. छतावरून दोरांनी सोडलेल्या पाळण्यात उभं राहायचं आणि सतराव्या मजल्यापासून पुसत पुसत खाली यायचं. सुई आत बसून पडदे शिवायची. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतंच, तसंच त्या दोघींचंही.

त्या उन्हाळ्यात पाळणा बदलला. नव्या पाळण्यात एकच माणूस उभा राहणार होता आणि यंत्रावर भार जितका कमी तितका बरा. मुकादमानं सरळ हिशेब केला. सोमवारी दोघींचं वजन करायचं. जी हलकी ती वर, दुसरी तळघरात, धुलाईखान्यात.

धुलाईखान्यात दिवसभर वाफ कोंडलेली असायची. चिमणीला दमा होता. पूर्वी एकदा ती तिथे बदलीवर गेली होती, तर दुपारच्या आत दोघांनी उचलून तिला बाहेर आणलं होतं. मुकादमाला सांगून बघितलं. "दमा असेल तर घरी बसा," तो म्हणाला. घरी बसणं तिला परवडणारं नव्हतं. पोर वर्षाचं होतं आणि नवऱ्याचा ठावठिकाणा नव्हता.

आक्कालाही वरच राहायचं होतं. पोटापेक्षा तिला उंचीचं वेड. "वर गेलं की कुणाची हाक ऐकू येत नाही," ती म्हणायची. "तळघरात मला घातलंत तर मी कुजून जाईन."

दोघींनी पथ्य एकत्रच सुरू केलं, कारण सगळं त्या एकत्रच करत आल्या होत्या. सुईला वजनाशी काही देणंघेणं नव्हतं, पण तीही सोबतीला उकडलेला कोबी खायची. रविवार तेवढा मोकळा. आक्का भराभर उतरली, गालफडं बसली. बाळंतपणानंतर सुटलेली चिमणी मात्र होती तिथेच होती.

वजनाच्या आदल्या रविवारी शहरभरचे टाको खायची टूम चिमणीनंच काढली.

सकाळी बाजाराच्या माडीवरून सुरुवात झाली. मक्याच्या तळहाताएवढ्या पोळीत भाजलेलं मांस, वरून अननसाची फोड. आक्कानं चार खाल्ले. मग गोदीजवळ मासळीचे, त्यावर कोबी.

"इथेही कोबी!" सुई ओरडली.

"अगं, हा तळलेल्या मासळीच्या मांडीवर बसलाय," आक्का म्हणाली. "याला माफ आहे."

चिमणी हसली आणि आपल्या ताटलीतला टाको आक्काच्या ताटलीत सरकवला. "घे. माझं पोट बरं नाही आज."

"कालपर्यंत तर बरं होतं."

"पोटाला काय, कधीही बिघडतं."

आक्कानं तिच्याकडे क्षणभर पाहिलं, लिंबू पिळलं आणि तोही खाल्ला.

पुलाखाली अळंब्यांचे होते, राजम्याचे होते, जिभेला चटका देणाऱ्या हिरव्या मिरचीचे होते. दुसऱ्या रांगेनंतर चिमणीच आणून देत होती, आक्का खात होती. आक्काच्या हनुवटीवरून रस ओघळला तेव्हा चिमणीनं आपल्या रुमालानं तो पुसला.

"बास कर आता, आक्का," ती एकदम म्हणाली. "उद्या वजन आहे."

"बास काय बास? पथ्यमोड म्हणजे पथ्यमोड. जा, आणखी दोन आण. तिखट जास्त घाल म्हणावं."

चिमणी गाडीकडे गेली ती डोळे पुसतच. आक्कानं पाय लांब केले आणि पुलावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकत बसली.

सोमवारी मुकादमानं काटा अंगणात मांडला. चिमणी आधी उभी राहिली, श्वास रोखून. मग आक्का आली. जिना उतरताना ती जपून पावलं टाकत होती, त्यावरून मुकादमानं टोमणा मारलाच, "टाको जिरले नाहीत वाटतं अजून." आक्का चिमणीपेक्षा अर्धा किलो जास्त भरली.

"जीभच वैरीण माझी," आक्का म्हणाली आणि त्याच दुपारी तळघरात गेली.

चिमणी पुढे बरीच वर्षं पाळण्यावर होती. नंतर नव्या मुलींना शिकवू लागली. पोर शिकलं, दुसऱ्या शहरात नोकरीला लागलं. टाको तिनं पुन्हा तोंडात घातला नाही. आक्का निवृत्त झाल्यावर एकदा तिच्या उशाशी बसून तिनं सगळं सांगून टाकलं. मुद्दाम खायला घातलं, तुझी जागा घेतली, असं म्हणून ती ढसाढसा रडली.

"गप गं," आक्का म्हणाली. "मी काय कुक्कुलं बाळ होते? मासळीचे मात्र झकास होते."

आक्का दोन वर्षांनी गेली, खिडकीजवळच्या खाटेवर. हॉटेल विकलं गेल्यावर मुकादमाची नोकरी सुटली. तो कुठे गेला ते कुणाला ठाऊक नाही.

सुई अजून आहे. डोळ्यांनी दिसत नाही, पण बोटांना सगळं आठवतं, अगदी त्या सोमवारची सकाळसुद्धा. पडदा ताठ पडावा म्हणून त्याच्या काठात शिशाचे तुकडे घालतात, ते मूठ मूठ घेऊन तिनं आक्काच्या झग्याच्या अस्तरात शिवले होते, आणि आक्का म्हणत होती, "आणखी घाल गं, एवढे टाको खाऊनही मी अजून तिच्याहून हलकीच आहे."