कान तुटलेला कप

सिनेमात काम मिळाल्यापासून कुंदाचे पाय जमिनीला लागेनात, असं शेजारच्या बनूबाईंचं ठाम मत होतं. सिनेमा होता जुन्या काळच्या बदलापूरचा, शेजारपाजारच्या शिवाशिवीचा. शूटिंग जवळच्याच खरवई गावात झालं होतं आणि आज सोसायटीने गच्चीवर पडदा लावून सगळ्यांना तो दाखवला.

पडद्यावर कुंदा मोठ्या तोऱ्यात दारात आली. उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या शेजारणीसाठी तिने खिडकीत वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप काढला, वरूनच चहा ओतला आणि पदर आवरत मागे सरकली. गच्चीवर टाळ्यांचा नुसता कडकडाट!

"मावशी, एवढं हुबेहूब शिकलात तरी कुठे?" सेक्रेटरीच्या सुनेने विचारलं. कुंदा नुसती हसली.

बनूबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. तो कप, ते वरून ओतणं, तो पदर! चोरटी मेली! त्या खुर्चीवरून ताडकन उठल्या.



"कुंदे, सांग की खरं सगळ्यांना! जन्मभर तुला तसल्या कपात चहा पाजला मी, आणि टाळ्या तू घेतेस होय गं?"