पिवळा खळगा

उंदराच्या रक्तातलं एक प्रथिन शोधणारी ती चाचणी. प्रथिन असलं की प्लेटमधला खळगा पिवळा होतो, नसलं तर पाण्यासारखा स्वच्छ राहतो. तुलनेसाठी एक स्वच्छ खळगा लागतोच. त्यासाठी या प्रयोगशाळेत जो तो आपल्याच रक्ताचा थेंब द्यायचा. माणसाच्या रक्तात ते प्रथिन येणार कुठून!

इथल्या तंत्रज्ञ स्त्रीनं आज चाचणी लावली, तर उंदराच्या खळग्यासोबत तिचाही पिवळा झाला.

"ताई, उंदराचं रक्त उडालं तुमच्या खळग्यात," डॉक्टरीणबाई हसल्या. "घाई नडली. पुन्हा लावा."

बारा वर्षांत तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. तिनं नवी प्लेट काढली. उंदराचा थेंब आधी घातला, मग आपल्या डाव्या करंगळीला सुई टोचली. थेंब दिल्यावर सवयीप्रमाणे करंगळी तोंडात धरली. या खेपेला बाईंनीही शेजारी आपला थेंब दिला.

ती नुसती येरझारा घालत राहिली. बसवेना.

बाईंचा खळगा स्वच्छ राहिला. तिचा मात्र पिवळाधमक झाला.

"ताई," बाईंचा आवाज उतरला, "उंदराचा खळगा बघा."

तो पाण्यासारखा स्वच्छ होता.

तिनं पिंजऱ्याकडे वळून पाहिलं. उंदीर मागच्या पायांवर उभा राहून तिच्याकडेच बघत होता. डाव्या पंजाचं शेवटचं बोट त्यानं तोंडात धरलं होतं.