आमेनच्या आधी

दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी तीर्थपुरीच्या एका कापूस जिनिंगच्या आवारात, खांबाला बांधलेल्या केबलचोराच्या डोक्यात काठी बसली आणि त्याची मान लुळी पडली. ती तिसरी काठी होती. मारणारा हात वॉचमन राजानंदचा होता. सात वाजता राजानंद घरी प्रार्थनेला बसला.

सतरंजीवर पाच जण होते. राजानंद, त्याची आई साखराबाई, बायको बेबीनंदा, दहा वर्षांची अंजू आणि पाच वर्षांची छकुली. राजानंदच्या केसांत अजून कापसाचे तंतू होते. तडकलेल्या काठीचं कुसळ उजव्या तळहातात घुसलं होतं. तो हात त्यानं डाव्या हातात दाबून धरला होता. पाहणाऱ्याला हात जोडल्यासारखेच दिसत होते.

या घरात गीत म्हणून झालं की प्रत्येक जण दिवसभरातली आपली चूक मोठ्यानं सांगतो. सुरुवात लहानापासून. शेवटी साखराबाई आमेन म्हणतात. आमेननंतर त्या चुकीवर कुणी बोलायचं नाही, रागवायचं नाही, हा नियम त्यांचाच. त्यामुळे मुली खरं सांगतात.

"मी खडू खाल्ला," छकुली म्हणाली.

"माझा," अंजू म्हणाली. "आन् मी बाईंना सांगितलं, वही घरी राह्यली. वही लिहिलीच नव्हती."

"मी शेजारच्या दुर्गाबाईला मनातल्या मनात शिव्या दिल्या," बेबीनंदा म्हणाली.

"मनात न्हाई, मम्मी. भिंतीपलीकडं ऐकू गेल्या," अंजू म्हणाली.

छकुली खुदकन हसली. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. जिनिंगचा सुपरवायझर सोमेश्वर आला होता. पायरीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत तो बूट न काढताच बसला.

"होऊ द्या, मावशी. जल्दी न्हाई. आमेन झालं की राजानंदची एक सही घेतो न् जातो."

त्याच्या हातात कागद होता. कागदात काय आहे ते राजानंदला फोनवरच कळलं होतं. चोर भिंतीवरून पडला, असा जबाब. खाली चार वॉचमनच्या सह्या होत्या, पाचवी जागा रिकामी.

राजानंदची पाळी आली. तो रोज एकच वाक्य म्हणतो. आज अंजूनं ते त्याच्या आधीच म्हणून टाकलं, "मी आज रागावलो."

"न्हाई," राजानंद म्हणाला. "मी आज एका माणसाला मारलं."

सोमेश्वर खाकरला.

"गेटच्या खांबाला बांधल्ता त्याला. केबल माझ्या पाळीत चोरीला गेली म्हणून मॅनेजर सकाळपासून सगळ्यांसमोर मला झोपाळू म्हणून राह्यला होता. मंग हा सापडला. पहिली पोटऱ्यांवर मारली. दुसरी पाठीवर. दुसरीलाच त्याचे पाय गळाले, दोरीवर लटकला. वरडत बी नव्हता. मॅनेजरच म्हणला, बस झालं. सगळे थांबले. मंग मी तिसरी मारली. डोक्यात. काठी तडकली. कानातून रक्त आलं, ते माझ्या बुटावर पडलं."

"राजानंद," सोमेश्वर दारातून म्हणाला, "प्रार्थना कर बाबा. जबाब नको देऊ."

राजानंदनं डोळे उघडले नाहीत.

"एक राह्यलं. तिसरी मारताना मला बरं वाटलं. दिवसभरात तेवढंच बरं वाटलं."

बेबीनंदानं अंजूचे कान झाकायला हात उचलले आणि तसेच खाली ठेवले. आत वरण उतू गेलं. कुणी उठलं नाही.

"माय," राजानंद म्हणाला, "आमेन म्हण."

आमेन झालं की ही गोष्ट या घरात संपणार होती. सोमेश्वरनं पेनाचं टोपण काढलं.

साखराबाईंचे हात जोडलेलेच होते. "नाव काय त्याचं?"

"माहीत न्हाई."

"कुठला?"

"विचारलंच न्हाई कुणी."

"मंग देवापुढं कुणाचं नाव घेऊ?"

"मावशी, उद्या मी विचारतो की बराबर," सोमेश्वर म्हणाला. "तुमचं आवरा. पोरी भुकेल्या असतील."

"प्रार्थना चालू आहे, सोमेश्वर. मधी बोलू न्हाई."

छकुलीला खरंच भूक लागली होती. तिनं एकदा आजीकडं पाहिलं, एकदा स्वयंपाकघराकडं. मग स्वतःच तोंड उघडलं.

"आ..."

साखराबाईंचा तळहात तिच्या तोंडावर आपटला. ओठ दातांवर दाबले जाण्याइतका जोरात. छकुलीचे डोळे भरून आले. आवाज बाहेर आला नाही.

आठ वाजून दहा मिनिटांनी सोमेश्वरचा फोन वाजला. त्यानं ऐकलं आणि कुणी न विचारताच सांगितलं, जालन्याच्या दवाखान्यात नेलेला माणूस अजून शुद्धीवर नाही, ओळख पटलेली नाही, पोलीस कागद मागताहेत.

सव्वाआठला तो खुर्चीवरच होता. कागदावर चार सह्या होत्या. साखराबाईंचा हात सैल झाला होता, पण छकुलीच्या तोंडावरून निघाला नव्हता. आमेन झालेलं नव्हतं.