दातांवरचा शेंदूर

कमलाकांतनं रॉकेलचा बोळा फिरवला आणि थोरल्या भावाच्या बोटाचा ठसा पुसून टाकला.

ठसा शेंदराचा होता. मोटारीच्या मागच्या आसात ताटाएवढं एक दातेरी चाक असतं, त्याला क्राऊन म्हणतात. त्याला फिरवणारं लहान चाक म्हणजे पिनियन. दोघांचे दात नीट जुळले की नाही हे पाहायला तेलात कालवलेला शेंदूर दातांना लावतात आणि चाक फिरवतात. शेंदूर दाताच्या मधोमध पुसला गेला, तर काम जमलं. थोरला हरिहर असा शेंदूर लावून जेवायला म्हणून उठला, तो तापानं अंथरुणावरच पडला. त्यातून तो उठला नाही. गाडीचा आस अंगणातल्या शेडमध्ये तसाच उघडा राहिला.

वर्ष झालं. अमरावतीत मिस्त्री काही कमी नव्हते, पण मेलेल्या माणसाचं अर्धं राहिलेलं काम पुरं करायला कोणी हात लावेना. "तो मागं उभा राहून पाहते," असं म्हणून ते चहा पिऊन निघून जायचे. शेवटी शाळेत शास्त्र शिकवणारा कमलाकांत स्वतःच बाह्या सारून बसला. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. तरी टिनाच्या शेडवरून जाताना गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय त्याला रोज दिसत. दिवेलागणीला हॉर्न वाजला म्हणून आई दाराशी जायची. हरिहरची बायको तारा रोज सकाळी गाडीची पुढची काच लखलखीत पुसायची. त्या घरात जिवंत माणसांपेक्षा मेलेल्याचाच वावर जास्त होता, आणि कमलाकांतनं त्याची धास्ती घेतली होती. गाडी गेली की दादाही जाईल, असं त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं. धामणगावचे ओमप्रकाश शेटजी ती घ्यायला तयार होते. चालू करून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

हरिहर नावाला वकील. कोर्टात कमी आणि गाडीखाली जास्त. तेव्हा हातात पाने-पकडी द्यायला ताराच असायची. आता ती दिराला देत होती.

"वहिनी, ही पातळ चकती पाहा. हिनं पिनियन केसभर पुढं येते," कमलाकांत वर्गात शिकवावं तसं तिला समजावून सांगत होता. ती नुसती मान हलवायची. एक चकती काढायची, दुसरी घालायची, शेंदूर लावायचा, फिरवायचं, पुन्हा खोलायचं. त्याची पाठ मोडून आली. शेवटी तिनं जड क्राऊन दोन्ही हातांनी उचलून पुढे केला. त्यानं तो बसवला, आवळला, फिरवून पाहिला. शेंदूर एकूण एक दातावर अगदी मधोमध पुसला गेला होता.

"जमलं," तो म्हणाला. दादालाही इतकं साधलं नसतं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या विचाराचीच त्याला भीती वाटली. वहिनी त्या चाकाकडे जरा वेळ पाहत राहिली. मग हात धुवायला उठली.

रविवारी शेटजी आले. कमलाकांतला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून ते स्वतःच स्टिअरिंगपाशी बसले. हँडल मारलं, इंजिन धडधडलं. गाडी ढकलून शेडबाहेर अंगणात आणली होती, तोंड फाटकाकडे होतं. शेटजींनी पहिला गियर टाकला आणि क्लच सोडला.

गाडी मागे गेली.

शेटजींनी ब्रेक दाबला, गियर नीट पाहिला, पुन्हा टाकला. गाडी आणखी मागे सरकली. हळूहळू शेडमध्ये शिरली, वर्षभर उभी होती त्याच जागी जाऊन भिंतीला टेकली आणि बंद पडली.

शेटजी उतरले. त्यांनी चपला काढून गाडीला हात जोडले. "मास्तरजी, इसका मालिक अंदर बैठा है," एवढं म्हणाले आणि चहालाही थांबले नाहीत. आई ओट्यावर रडत होती. "हरीले नाही जायचं. काहून छळून राह्यला त्याले?"

भूत नसतं म्हणून पोरांना बजावणारा मास्तर अंगणातच मटकन बसला. दादा, चुकलो, असं तो पुटपुटलाही.

संध्याकाळी जेवायला बसला तर भूक कसली ती नव्हती. समोरचं रिकामं ताट त्यानं उगाच उभं धरलं, डाव्या हातातून उजव्या हातात घेतलं आणि थबकला. पिनियन तेच, त्याचं फिरणंही तेच. ताट त्याच्या डावीकडे बसवलं की उजवीकडे, एवढ्यावरच गाडी पुढे की मागे हे ठरत होतं. छातीवरचा धोंडा उतरावा तसं त्याला वाटलं. ताट हातात घेऊनच तो स्वयंपाकघरात धावला.

"वहिनी, भूतबीत काही नाही. मीच गाढव. क्राऊन उलट्या बाजूनं बसवला. दात जुळले, पण चाकं उलटी फिरली. उद्या खोलतो आन् शेटजीले निरोप धाडतो."

तारा चुलीपुढे बसली होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"पयल्या खेपेले त्याईनंबी तसाच बसवला होता," ती म्हणाली. "मंग आमी दोघांनी मिळून खोलला."

कमलाकांतनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"म्हंजे मी बसवत होतो, तवाच तुमाले दिसलं?"

"दिसलं."

"मंग बोलल्या काहून नाही?"

तारानं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. तिचा आवाज अगदी शांत होता.

"बोलली असती, भाऊजी, तं ते गेले असते."