पोचलेली तक्रार

"हे तू लिहिलंस?" मामानं कागद टेबलावर आपटला.

तो शिवणकामाच्या कारखान्याचा सुपरवायझर. सगळ्याजणी त्याला मामा म्हणत, पण मायेनं म्हणणारी त्यात एकही नव्हती. समोर काज करणारी बाई उभी होती. काचेपलीकडे चाळीस मशिनी चालू होत्या.

कागदावर तिचीच तक्रार छापलेली होती. कामाच्या वेळात मागच्या दाराला कुलूप असतं. आग लागली तर चाळीस जणी एका दारातून कशा निघणार?

"मी तपासणी खात्याला पाठवली होती," ती म्हणाली.

"हो ना. जेवणाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून." मामा हसला. "पत्ता चुकला तुझा, बाई. पण तो कॉम्प्युटर फार समजूतदार. चुकीचा पत्ता टाकला की माणसाला काय हवंय ते स्वतःच ओळखतो आणि रोज उघडतात तेच पान पुढं करतो. आपल्याच कारखान्याचं, सूचनांचं. आणि त्या सूचना वाचतं कोण? मी!"

खात्याचा पत्ता तिनं चिठ्ठीवर लिहून आणला होता. त्यात बघून एकेक अक्षर टाकलं होतं. पान चटकन उघडलं. नाव, विभाग, मोबाईल, तक्रार असे रकाने होते. सरकारी पान असंच असणार, असं तिला वाटलं.

"कुलूप हौसेनं लावतो का मी? कापड चोरीला जातं त्या दारानं." त्यानं कोरा कागद तिच्याकडे सरकवला. "लिही. रागाच्या भरात खोटं लिहिलं, माफी असावी. खाली सही. नाहीतर चालती हो."

तिनं पेनला हात लावला नाही.

"मामा, पाठवल्या पाठवल्या मला मेसेज आला होता. तुमची तक्रार पोचली. तारीख, वेळ, सगळं आहे त्यात. म्हणजे तो मेसेज कारखान्याचाच."

"मग?"

"खात्याचा माणूस आला असता, तर कुणी कधी बोललंच नाही, असं तुम्ही म्हणाला असतात. आता म्हणता यायचं नाही."

मामाच्या मानेवरची शीर फुगली. "बाहेर हो! आत्ताच्या आत्ता!"

ती केबिनमधून निघाली. पुढच्या दाराकडे मात्र वळली नाही. मशिनींच्या दोन रांगांमधून सरळ मागं गेली आणि कुलपासमोर उभी राहिली.

कडेची मशीन थांबली. मग तिच्या शेजारची. मामा तरातरा तिथवर पोचला, तेव्हा कारखान्यात नुसता पंख्यांचा आवाज उरला होता.

"बाहेर हो म्हणालात ना?" ती म्हणाली. "उघडा."