दांडावरचं कडं

डोंगराच्या दांडावर राहणाऱ्या वेस्तीबाईंच्या मनगटातल्या कड्यामुळे नेट पलीकडच्या पाड्यात पोचत असे. अंगाच्या उबेवर चालणारी ही कडी सुजितच्या छोट्या कंपनीने सातपुड्यातल्या गावांत वाटली होती. डोंगरभर नेट पोचवायच्या सरकारी कामावर दुसरी कंपनीही टपून बसली होती.

"लेकीचं बाळंतपण आहे. खाली तिच्याकडे जाते," वेस्तीबाई म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही गेलात तर नेट तुटेल. आज सरकारी कामासाठी तपासणी आहे, उद्या जा," सुजितने गळ घातली.

त्या थांबल्या. काम सुजितच्या कंपनीला मिळालं. संध्याकाळी तो सांगायला आला, तेव्हा वेस्तीबाईंच्या फोनच्या पडद्यावर त्यांची लेक रमिला बाळाला कवटाळून रडत होती.

"आई, कळा येताना फोनवरून किती हाका मारल्या तुला."

"सगळ्या ऐकू आल्या गं," वेस्तीबाई म्हणाल्या आणि सुजितकडे वळल्या. "तुझं नेट चांगलं आहे, बाबा."

सुजितने मान खाली घालून त्यांचं कडं मागितलं आणि स्वतःच्या हातात चढवलं. सकाळी हे त्याला सुचलंसुद्धा नव्हतं.