नवी स्प्रिंग

"ओढा की मिस्त्री. सकाळी जेवला नाहीत का?" दाजी म्हणाले.

मिस्त्रीने दोन्ही हातांनी लांब दांडा खाली, आपल्याकडे ओढला. बॉनेटखालचा, पट्टा ताणून धरणारा नवा टेन्शनर कुरकुरत मागे सरकला आणि इंजिनाचा पट्टा सैल पडला. जुन्याची स्प्रिंग मेली होती, म्हणून दाजींची गाडी आठवडाभर किंचाळत होती. ही नवी मात्र हट्टी होती. दांडा जरा सैल पडला की पट्टा खेचून घ्यायची.

पट्टा चढवायला एरवी जोडीदार असायचा. आज तो आला नव्हता, आणि दाजींना दम नव्हता. दाजी म्हणजे मिस्त्रीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नात्याने हाक मारणं त्यांना कधी जमलं नाही. मेव्हण्यालाही ते मिस्त्रीच म्हणायचे. बाही वर सारून त्यांनी स्वतःच हात आत घातला.

बहीण भिंतीलगतच्या बाकावर बसली होती. डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"दारात सापडला म्हणे हात?" मिस्त्रीने विचारलं.

"तर काय! मी दार लावतोय आणि हिचा हात मध्ये. लक्ष असतं कुठे बायकांचं?" दाजी हसले आणि पट्टा वरच्या पुलीच्या कडेला आणून बोटांनी आत ढकलू लागले.

तेव्हा मिस्त्रीला त्यांचं उघडं मनगट दिसलं. त्यावर दातांचा अर्धगोल व्रण होता, पिवळा पडत चाललेला. पाच खुणा सरळ आणि मधली एक आडवी. बहिणीचा हा आडवा दात तो ओळखत होता. लहानपणी भांडणात तोच त्याच्या दंडात रुतला होता.

"दाजी," तो म्हणाला, "दार चावत नाही."

"काय?"

मिस्त्रीने दांडा दोन बोटं सैल सोडला.

पट्ट्याने दाजींची चार बोटं पुलीवर आवळली. ते ओरडले. आधी रागाने, मग हात निघेना हे कळल्यावर दुसऱ्याच आवाजात.

"ओढ! अरे ओढ, हात आहे माझा!"

"दिसतोय. तिचा कसा मोडला ते सांग."

दाजींनी डाव्या हाताने त्याच्या तोंडावर ठोसा घातला. मिस्त्रीचं डोकं मागे गेलं, त्यासरशी दांडा हातात घसरला आणि पट्टा आणखी रुतला. दाजींनी शिव्यांची लाखोली वाहत ट्रेमधला पाना उचलला. पहिला घाव मिस्त्रीच्या खांद्यावर बसला. दुसरा भुवईवर. रक्त डोळ्यात उतरलं. दांडा पुन्हा घसरला आणि बॉनेटखाली काहीतरी सुकी काडी मोडल्यासारखं वाजलं. पाना खणकन खाली पडला.

"मार अजून," मिस्त्री म्हणाला. "तू मारशील तसा दांडा सुटेल. बोटं तुझीच आहेत."

दाजी गुडघ्यांत वाकले. नखांतून रक्त पुलीच्या खाचांत उतरत होतं. तोंडातून लाळ गळत होती. "सांग याला ओढायला," ते बाकाकडे पाहून ओरडले. "सांग म्हणतो ना! नाहीतर घरी चल, मग बघतो तुझ्याकडे!"

बहीण उठली. चपला सरकवल्या आणि चालत गाडीपाशी आली. तिने नवऱ्याचा हात पाहिला, भावाचं तोंड पाहिलं. पदराने त्याच्या डोळ्यातलं रक्त टिपलं. मग उजवा हात दांड्यावर ठेवला.

"दादा, तू सोड. मी धरते."

"अगं, एका हाताने नाही धरवायची ही स्प्रिंग."

"सोड म्हटलं ना."

त्या हाताखालून दांडा हिसकून घेणं त्याला जमलं नाही. त्याने सोडला.

दांडा झटक्याने वर उसळला. दाजींच्या किंकाळीने शेजारच्या दुकानातली दोन माणसं दारात आली. पण दांडा थांबला. तिने प्लास्टरचा हात त्याच्यावर आडवा टाकला होता आणि सगळं अंग त्या मोडक्या हातावर झोकून दिलं होतं. प्लास्टरला बारीक भेग गेली. तिचे ओठ पांढरे पडले. दांडा इंच इंच खाली आला. पट्टा सैल झाला.

दाजींनी हात काढला नाही. ते तिच्याकडे बघत राहिले, जणू पहिल्यांदाच बघत होते.

"काढा," ती म्हणाली. "मला जास्त वेळ धरवणार नाही."

त्यांनी हात खेचून छातीशी धरला आणि तिथेच, तेलकट फरशीवर, फतकल मारून बसले. मधली दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती. तिने कोपराने पट्टा पुलीवर सारला आणि दांडा सोडला. स्प्रिंगने पट्टा फाडकन जागेवर बसवला.

दारातली माणसं आत यावं की जावं या विचारात उभी होती. बहिणीने गाडीचं मागचं दार उघडलं, आपली पिशवी बाहेर काढली, खांद्याला अडकवली.

"दादा, गाडी झाली. यांना चावी दे."

मिस्त्रीने फरशीवरच्या माणसाकडे पाहिलं. "एका हाताने कशी चालवतील?"

"चालवतील," ती म्हणाली. "पंधरा दिवस मी घर चालवलंच ना."